अकरावीत अडतं ते आठवीचं बीजगणित: कच्चं कुठे आहे ते शोधायचं कसं आणि पक्कं करायचं कसं

दहावीला गणितात बरे गुण मिळवलेला विद्यार्थी तालुक्याच्या ज्युनिअर कॉलेजात सायन्सला जातो आणि दिवाळीच्या आत म्हणू लागतो, "लिमिट डोक्यावरून जाते." त्याची वही उघडून बघा. बहुतेक वेळा लिमिट त्याला कळलेलं असतं, गणित बिघडलेलं असतं दुसरीकडेच.

क्ष ही संख्या ३ च्या जवळ जवळ जाताना (क्ष² − ५क्ष + ६)/(क्ष² − ९) ची किंमत कुठे पोहोचते, हे काढायचं आहे. लिमिट म्हणजे हेच. (पाठ्यपुस्तकात चलासाठी इंग्रजी अक्षरं असतात. इथे क्ष, य, अ, ब लिहिलं आहे. नियम तेच.)

पहिली ओळ: क्ष = ३ ठेवला तर ०/० येतं, म्हणून थेट किंमत ठेवून भागत नाही.
दुसरी ओळ: अंशाचे अवयव (क्ष − २)(क्ष − ३).
तिसरी ओळ: छेदाचे अवयव (क्ष + ३)(क्ष − ३).
चौथी ओळ: (क्ष − ३) हा सामाईक अवयव काढला, उरलं (क्ष − २)/(क्ष + ३).
पाचवी ओळ: आता क्ष = ३ ठेवला, उत्तर १/६.

यात अकरावीचं काय आहे? पहिली ओळ, आणि पाचवीत किंमत ठेवायची मुभा का आहे एवढंच. मधल्या तिन्ही ओळी आठवीच्या. त्या ज्याला हात न थांबवता येतात त्याला हे गणित दोन मिनिटांचं आहे. ज्याला प्रत्येक ओळीला विचार करावा लागतो तो पाचव्या ओळीपर्यंत पोहोचताना आपण काय काढत होतो हेच विसरतो.

म्हणून अकरावीच्या मुलाला लिमिटची आणखी पन्नास उदाहरणं देऊ नका. आधी खालचं बघा. हे सातवीपासून बारावीपर्यंत कोणालाही चालतं. डिप्लोमाला किंवा आयटीआयला जाणाऱ्यालाही.

आधी निदान: आठ प्रश्न, वीस मिनिटं

कॅल्क्युलेटर नाही, मोबाईल नाही. कोऱ्या कागदावर प्रत्येक पायरी लिहून सोडवायचं. तोंडी केलेलं चालणार नाही, कारण आपल्याला उत्तरापेक्षा चूक कुठे झाली ते बघायचं आहे.

१) ७ − ३(२ − ५)
२) −३² आणि (−३)², दोन्हींच्या किंमती
३) २/३ − ३/४
४) सरळ रूप द्या: ५क्ष − २(क्ष − ४)
५) विस्तार करा: (क्ष + ५)²
६) सरळ रूप द्या: (क्ष² + ३क्ष)/क्ष
७) सोडवा: (क्ष − १)/२ − (क्ष − ३)/४ = ३
८) सोडवा: क्ष² = ५क्ष

बरोबर उत्तरं क्रमाने: १६, −९ आणि ९, −१/१२, ३क्ष + ८, क्ष² + १०क्ष + २५, क्ष + ३, ११, ० आणि ५.

तपासताना नुसतं बरोबर-चूक करू नका. चुकीचं उत्तरच सांगतं की रोग कुठला. पहिल्याचं उत्तर −१२ आलं तर मुलाने ७ मधून ३ आधी वजा केले, म्हणजे क्रियांचा क्रम कच्चा. −२ आलं तर क्रम बरोबर आहे, पण वजा गुणिले वजा इथे घसरला. चौथ्यात ३क्ष − ८ आलं, किंवा सातव्यात ११ ऐवजी १७ आलं, तर दोन्हींचं कारण एकच: कंसाबाहेरचं वजा पहिल्या पदाला लागलं आणि दुसऱ्याला लागलंच नाही. पाचव्यात क्ष² + २५ आलं तर वर्ग म्हणजे काय हेच पोहोचलेलं नाही. सहाव्यात क्ष² + ३ आलं तर अपूर्णांकातलं 'कापणं' चुकीचं शिकलं गेलंय. आठव्यात नुसतं ५ आलं तर समीकरणाला शून्याने भागलं गेलं आणि त्याचा पत्ताही लागला नाही.

प्रत्येक गणितात पहिली बिघडलेली ओळ शोधा आणि तिच्याखालीच लाल रेघ मारा. त्यापुढच्या चुका मोजू नका, त्या त्याच ओळीतून आलेल्या असतात. आठपैकी पाच-सहा गणितं चुकलेल्या मुलाच्याही मूळ चुका बहुधा दोन-तीनच निघतात. त्या दोन-तीन दुरुस्त करायच्या, सगळं पुस्तक पुन्हा काढायचं नाही.

वजा चिन्ह: सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या

ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ मध्येच धन म्हणजे जवळचा पैसा आणि ऋण म्हणजे कर्ज असं धरून बेरीज, वजाबाकी, गुणाकाराचे नियम लिहून ठेवले. ऋण गुणिले ऋण धन, हा त्यातलाच. मुलांना नियम पाठ असतो. अडचण येते कंसाबाहेरच्या वजाला, आणि तिथे नुसता नियम सांगून भागत नाही.

वजनकाट्यावरचं उदाहरण घ्या. कापसाने भरलेली गाडी २१४० किलो भरली. रिकामी गाडी तोलली तेव्हा ८६० किलो आली, पण त्या वेळी ६० किलोचा ड्रायव्हर आत बसलेला होता. भरलेली तोलताना तो खाली उतरला होता. म्हणजे गाडीचं खरं वजन (८६० − ६०). निव्वळ कापूस किती?

२१४० − (८६० − ६०) = २१४० − ८६० + ६० = १३४० किलो

ते शेवटचं +६० कुठून आलं? आपण ८६० वजा केले, म्हणजे ६० किलो जास्तच वजा झाले, ते परत मिळवावे लागले. ते मिळवले नाहीत, म्हणजे २१४० − ८६० − ६० केलं, तर १२२० येतात आणि शेतकऱ्याचा १२० किलो कापूस काट्यावरच जातो. मुलाला हे एकदा समजलं की "वजा-वजा अधिक" ही घोकंपट्टी राहत नाही.

आता सवय लावायची ती अशी. कंसाआधी वजा दिसला की पहिले पंधरा दिवस त्या जागी (−१) लिहायचं. −(क्ष − ३) म्हणजे (−१)(क्ष − ३). मग (−१) पासून कंसातल्या प्रत्येक पदाकडे पेन्सिलने एकेक बाण काढायचा. दोन पदं, दोन बाण. तीन पदं, तीन बाण. बाण काढून झाल्यावरच गुणाकार लिहायचा: −क्ष + ३. पंधरा दिवसांनी (−१) लिहिणं सोडा, बाण ठेवा. बाण आपोआप गळतील तेव्हा गळू द्या.

अपूर्णांकाची रेघ हा लपलेला कंस असतो हे वेगळं सांगावं लागतं. निदानातलं सातवं गणित घ्या. छेदांचा लसावि ४, म्हणून दोन्ही बाजूंना ४ ने गुणलं की

२(क्ष − १) − (क्ष − ३) = १२

इथे (क्ष − ३) भोवती कंस दिसतो, कारण आपण तो लिहिला. मुलं घाईत २क्ष − २ − क्ष − ३ = १२ लिहितात आणि १७ काढतात. नियम एकच ठेवा: अपूर्णांक काढताना प्रत्येक अंशाला आधी कंस घालायचा, मग गुणायचं. ११ ठेवून पडताळा घ्या: १०/२ − ८/४ = ५ − २ = ३. जमलं.

−३² आणि (−३)² मधला फरक लहान दिसतो, पण वर्गसमीकरणाच्या सूत्रात ब² काढताना तो पुन्हा समोर येतो. ब = −५ असेल तर ब² = २५. −२५ लिहिणाऱ्याचं विवेचक (ब² − ४अक), मग मुळं, मग सगळंच जातं. ऋण किंमत ठेवायची असेल तेव्हा ती कंसातच ठेवायची, इतकं पक्कं केलं तरी पुरे.

सजातीय पदं

यात फार वेळ घालवू नका. ३क्ष आणि ५क्ष मिळवता येतात, ३क्ष आणि ५क्ष² येत नाहीत. मुलांना हे कळतं. चूक होते ती लांब राशीत एखादं पद निसटल्याने. पद घेतलं की त्याखाली टिंब द्या, चिन्हासकट. शेवटी एकही पद टिंबाशिवाय राहिलं नाही ना, हे बघा.

अपूर्णांकात काय कापता येतं आणि काय नाही

नियम एका ओळीचा आहे: अवयव कापता येतो, पद कापता येत नाही. गुणाकाराने जोडलेला तो अवयव. बेरीज-वजाबाकीने जोडलेलं ते पद.

(क्ष² + ३क्ष)/क्ष मध्ये वरच्या क्ष² मधला किंवा ३क्ष मधला एखादाच क्ष कापता येत नाही. आधी वर सामाईक काढा: क्ष(क्ष + ३)/क्ष. आता वरचा क्ष अख्ख्या अंशाचा अवयव झाला, म्हणून तो जाईल. उरतं क्ष + ३, अर्थात क्ष शून्य नसताना. ही "क्ष शून्य नसताना" अट नववीत फालतू वाटते. अकरावीच्या लिमिटमध्ये मुद्दाच तो असतो: क्ष ३ च्या जवळ जातो, ३ होत नाही, म्हणूनच वर (क्ष − ३) कापता आला.

(क्ष + ६)/६ = क्ष + १ असं लिहिणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात. त्यांच्याशी वाद घालू नका. क्ष = ६ ठेवायला सांगा. डावीकडे १२/६ = २, उजवीकडे ७. विषय संपला. किंमत ठेवून बघणं हे बीजगणितातलं सगळ्यात स्वस्त हत्यार आहे आणि शाळेत तेच सगळ्यात कमी वापरलं जातं. कुठल्याही दोन राशी सारख्या आहेत का असा संशय आला की ० आणि १ सोडून एक छोटी संख्या ठेवा, २ किंवा ३. ० आणि १ का नाही? कारण त्यांना चुकीचे नियमही बरेचदा बरोबर ठरतात. क्ष = ० ठेवलं तर (क्ष + ५)² आणि क्ष² + २५ दोन्ही २५ येतात. क्ष = २ ठेवलं की एकीकडे ४९ आणि दुसरीकडे २९.

बेरजेत दुसरी मोठी चूक सायन्सच्या पेपरात उघडी पडते. ६ ओहम आणि ३ ओहमचे रोध समांतर जोडले, एकूण रोध रो:

१/रो = १/६ + १/३

इथून काही जण सरळ प्रत्येक अपूर्णांक उलटा करतात: रो = ६ + ३ = ९. समांतर जोडणीत एकूण रोध सगळ्यात लहान रोधापेक्षाही कमी यायला हवा, त्यामुळे ९ बघताच शंका यायला पाहिजे. बरोबर वाट: उजवी बाजू आधी एक करा, १/६ + २/६ = ३/६ = १/२. आता दोन्ही बाजूंना एकेकच अपूर्णांक आहे, म्हणून उलटता येतो. रो = २ ओहम. भिंगाच्या सूत्रात हेच होतं. मुलं म्हणतात फिजिक्स अवघड, आणि अडलेलं असतं लसाविवर.

(अ + ब)² ची किंमत

(अ + ब)² = अ² + २अब + ब². मधलं पद विसरलं की काय होतं ते थेट अकरावीत बघा. क्ष² चं डेरिव्हेटिव्ह, म्हणजे बदलाचा दर, व्याख्येवरून काढायचं तर (ह म्हणजे क्ष मधली छोटी वाढ)

[(क्ष + ह)² − क्ष²]/ह = (२क्षह + ह²)/ह = २क्ष + ह

ह शून्याकडे गेला की उरतं २क्ष. आता ज्याच्या डोक्यात (क्ष + ह)² = क्ष² + ह² बसलंय त्याला मिळतं ह²/ह = ह, आणि शेवटी शून्य. म्हणजे त्याच्या हिशेबाने क्ष² कधी बदलतच नाही! सगळं उत्तर मधल्या पदातच होतं.

हे सूत्र पाठ करून घेण्याआधी एकदा चौकटी कागदावर काढून घ्या. बाजू (अ + ब) असलेला चौरस, त्यात अ बाजूचा एक चौरस, ब बाजूचा एक चौरस आणि उरलेले अ × ब चे दोन आयत. ते दोन आयत हेच २अब. मग २१² = ४४१, ९८² = ९६०४ अशा पाच-सहा संख्या या सूत्राने तोंडी करायला द्या: (१००− २)² = १०००० − ४०० + ४. सूत्र हातात बसतं. वर्गमुळाचंही तसंच. √(९ + १६) म्हणजे √२५ = ५, ३ + ४ = ७ नव्हे.

घातांकाचे नियम इथेच उरकून घ्या. क्ष² × क्ष³ = क्ष⁵, पण (क्ष²)³ = क्ष⁶. शंका आली की क्ष·क्ष असे सुटे लिहून मोजा. २⁰ = १ आणि २⁻³ = १/८ का, हे ८, ४, २, १, १/२, १/४, १/८ अशी निम्मी होत जाणारी ओळ लिहून दाखवा. घातांक ३ वरून एकेक उतरत −३ पर्यंत येतो. पुढे लॉगॅरिदम याच ओळीवर उभे राहतात.

समीकरण: "तिकडे नेलं की चिन्ह बदलतं" हे उशिरा शिकवा

हे वाक्य सोयीचं आहे आणि त्यानेच नुकसान होतं. ३क्ष = १२ मध्ये मुलगा ३ "तिकडे नेतो", चिन्ह बदलतो आणि क्ष = १२ − ३ = ९ लिहितो. त्याने नियम पाळला, फक्त ३ हा अधिकने जोडलेला नव्हता, गुणाकाराने जोडलेला होता. म्हणून सुरुवातीचे काही आठवडे 'नेणं' बंद ठेवा. प्रत्येक ओळीच्या उजवीकडे समासात दोन्ही बाजूंना काय केलं ते लिहायला लावा:

४क्ष − ७ = १३
४क्ष = २० (दोन्हीकडे ७ मिळवले)
क्ष = ५ (दोन्हीकडे ४ ने भागले)

त्यात प्रत्येक ओळीत एकच "=" आणि सगळे "=" एकाखाली एक. "४क्ष − ७ = १३ = ४क्ष = २०" अशी आगगाडी लिहिणाऱ्याच्या लेखी "=" म्हणजे "पुढे उत्तर येतं". ही सवय मोडली नाही तर दोन्ही बाजूंना क्ष आला की तो थबकतो.

सूत्रातून हवी ती राशी वेगळी काढणं हे कौशल्य पुढे रोज लागतं आणि शाळेत त्यावर दोन-चारच गणितं होतात. सरळव्याजाचं घ्या. रास र, मुद्दल म, दर द, मुदत क वर्षं:

र = म + म × द × क/१००

रास माहीत आहे, मुद्दल काढायची आहे. म दोन ठिकाणी आहे, इथेच गाडी अडते. मुलं पहिला म डावीकडे नेतात आणि म = र − मदक/१०० लिहून मोकळी होतात. उजवीकडे अजून म बसलेला आहे! हवी ती राशी दोन पदांत असेल तर आधी ती सामाईक काढायची: र = म(१ + दक/१००). मग कंसाने भागायचं. १००० रुपये मुद्दल, १० टक्के, २ वर्षं घेऊन तपासा: १२००/१.२ = १०००.

आणि क्ष² = ५क्ष? दोन्हीकडे क्ष ने भागलं की क्ष = ५ मिळतं आणि ० हे उत्तर गायब होतं, कारण क्ष शून्य असेल तर तो भागाकारच चालत नाही. चलाने भागायचं नाही. सगळं एका बाजूला आणा, क्ष(क्ष − ५) = ०, आणि दोन्ही अवयव वेगवेगळे शून्य करा. बारावीत त्रिकोणमितीची समीकरणं सोडवताना हीच चूक अर्धी उत्तरं खाते.

दोन चलं आणि शाब्दिक गणित

एका एकराला ३२ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद द्यायचं ठरलं आहे समजा. युरियात ४६ टक्के नत्र असतं. डीएपीत १८ टक्के नत्र आणि ४६ टक्के स्फुरद. दोन्ही किती किलो घ्यावे लागतील?

पहिली ओळ समीकरणाची नसते. पहिली ओळ अशी: "युरिया क्ष किलो मानू, डीएपी य किलो मानू." 'किलो' हा शब्द तिथे हवाच. "क्ष = युरिया" लिहिणारा मुलगा पुढे गोण्या मोजतोय, रुपये मोजतोय की किलो, हे त्यालाच कळत नाही.

मग एकेक घटकाचा हिशेब. नत्र: ०.४६क्ष + ०.१८य = ३२. स्फुरद: ०.४६य = २३. दोन्हींना १०० ने गुणून दशांश घालवा: ४६क्ष + १८य = ३२०० आणि ४६य = २३००. दुसऱ्यातून य = ५०. पहिल्यात ठेवला की ४६क्ष = ३२०० − ९०० = २३००, म्हणून क्ष = ५०. डीएपीची गोणी ५० किलोची, ती अख्खी एक. युरियाची ४५ किलोची, म्हणजे एक गोणी आणि वर ५ किलो. आता उलटा पडताळा: युरियातून नत्र २३ किलो, डीएपीतून ९, एकूण ३२.

वरच्यात एक समीकरण एकाच चलाचं होतं म्हणून सोपं गेलं. लोप करायची, म्हणजे दोनपैकी एक चल घालवायची, वेळ येते ती अशी. एका दिवशी ५ बाया आणि २ गड्यांची मजुरी २४०० रुपये झाली, दुसऱ्या दिवशी त्याच दराने ३ बाया आणि ४ गड्यांची २७००. बाईची रोजी क्ष रुपये, गड्याची य रुपये:

५क्ष + २य = २४००
३क्ष + ४य = २७००

पहिल्याला २ ने गुणलं: १०क्ष + ४य = ४८००. त्यातून दुसरं वजा: ७क्ष = २१००, क्ष = ३००, आणि य = ४५०. (आकडे गणितापुरते आहेत, पण एकाच बांधावरच्या मजुरीत हा फरक का, हे वर्गात कोणी विचारलं तर त्या प्रश्नाला टाळू नका.) चुका दोन ठिकाणी होतात: २ ने गुणताना उजवी बाजू राहून जाते, आणि वजा करताना तिन्ही पदांची चिन्हं बदलायच्या ऐवजी पहिल्याचंच बदलतं. दुसरी चूक ओळखीची वाटते का? तेच कंसाबाहेरचं वजा आहे.

अवयव आणि वर्गसमीकरण

२क्ष² + ५क्ष − ३ = ० घ्या. पहिला सहगुणक आणि शेवटचं पद यांचा गुणाकार −६. गुणाकार −६ आणि बेरीज ५ येईल अशा दोन संख्या: ६ आणि −१. शोधताना अंदाजाने उड्या मारू नका, ६ च्या जोड्या ओळीने लिहा, (१, ६), (२, ३), मग चिन्हं ठरवा. गुणाकार ऋण असेल तर चिन्हं विरुद्ध, आणि जे चिन्ह बेरजेला (इथे ५ ला) आहे तेच मोठ्या संख्येला. मधलं पद फोडा:

२क्ष² + ६क्ष − क्ष − ३ = २क्ष(क्ष + ३) − १(क्ष + ३) = (क्ष + ३)(२क्ष − १)

दुसऱ्या जोडीतून −१ बाहेर काढताना आतलं −३ हे +३ होतं, तिथे लक्ष ठेवा. दोन्ही कंस सारखे आले नाहीत तर चूक त्याच ठिकाणी आहे. मुळं −३ आणि १/२.

अवयव पडत नसतील तेव्हा पूर्ण वर्ग पद्धत लागते आणि तिथे अपूर्णांकांनी मुलं हैराण होतात. श्रीधराचार्यांची रीत भास्कराचार्यांनी आपल्या बीजगणितात दिली आहे, ती वापरा. क्ष² च्या सहगुणकाच्या चौपटीने सगळ्या समीकरणाला गुणायचं आणि मग मूळच्या मधल्या सहगुणकाचा वर्ग दोन्हीकडे मिळवायचा. वरच्याच समीकरणात चौपट म्हणजे ८:

१६क्ष² + ४०क्ष = २४
१६क्ष² + ४०क्ष + २५ = ४९
(४क्ष + ५)² = ४९
४क्ष + ५ = ७ किंवा −७

म्हणून क्ष = १/२ किंवा −३. मध्ये एकही अपूर्णांक आला नाही. हीच रीत अक्ष² + बक्ष + क = ० वर केली की (२अक्ष + ब)² = ब² − ४अक मिळतं आणि पाठ केलेलं सूत्र डोळ्यांसमोर तयार होतं. सूत्र विसरलेल्या मुलाला ते परीक्षेत अर्ध्या मिनिटात पुन्हा उभं करता येतं.

शाब्दिक वर्गसमीकरणात मिळालेली दोन्ही मुळं संदर्भात तपासा. प्लॉटची लांबी रुंदीपेक्षा १० मीटरने जास्त आणि क्षेत्रफळ १२०० चौरस मीटर, म्हणजे साधारण बारा गुंठे. रुंदी क्ष मीटर धरली की क्ष² + १०क्ष − १२०० = ०, मुळं ३० आणि −४०. रुंदी ऋण नसते. रुंदी ३०, लांबी ४०. −४० का सोडलं ते कारण लिहायचं.

रोजचा सराव कसा बसवायचा

रोज वीस मिनिटं, रविवारी सुट्टी. एका आठवड्याला एकच कौशल्य. निदानात जे सगळ्यात वर निघालं ते पहिल्या आठवड्यात. वजा चिन्ह कच्चं असेल तर त्याआधी दुसरं काहीही घेऊ नका. पहिली पाच मिनिटं कालच्या चुकलेल्या गणितांना, मग आठ ते दहा नवी, तीही मिसळून. एकाच साच्याची वीस सोडवली की मुलगा साचा ओळखतो, गणित वाचत नाही. शेवटची तीन मिनिटं किंमत ठेवून पडताळ्याला.

पाटी वापरायला हरकत नाही, पण चुकलेलं गणित पुसायचं नाही. ते वहीच्या मागच्या पानावर उतरवायचं, बिघडलेल्या ओळीखाली रेघ आणि बाजूला बरोबर ओळ. महिनाभरात ही पानं कुठल्याही गाईडपेक्षा कामाची होतात, कारण त्यात फक्त त्याच मुलाच्या चुका असतात.

कापूस वेचणीच्या दिवसांत वर्गातली हजेरी पातळ होते, पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्यात कापणी-मळणीला तेच. बुडालेला धडा बीजगणिताचा असेल तर परत आल्यावर चालू धड्यात सरळ उडी घेऊ देऊ नका. बुडालेल्या धड्यातली सोडवलेली उदाहरणं आधी बघून, मग झाकून, मग न बघता अशी तीनदा करायची. चार दिवस जातात, ते जाऊ द्या. भूमितीतला एखादा धडा सुटला तर पुढचं बरंचसं चालून जातं, विस्तार सूत्रं किंवा अवयव सुटले तर नाही.

अकरावीला मराठी माध्यमातून आलेल्यांना सगळ्याच विषयांच्या संज्ञा एकदम इंग्रजीत भेटतात. सुट्टीत बीजगणिताच्या वीस-पंचवीस संज्ञा, सहगुणक, अवयव, विस्तार, छेद, पद अशा, दोन्ही भाषांत एका पानावर लिहून भिंतीला लावा. आकडेमोड पक्की असेल तर भाषेचा गोंधळ पहिल्या सत्रातच निवळतो. दोन्ही कच्चं असेल तर कशामुळे अडतंय हे पोराला समजतच नाही, आणि "मले गणित जमत नाही" यावर गाडी येते.

सहा आठवड्यांनी पुन्हा आठ प्रश्न, पुन्हा वीस मिनिटं:

१) ९ − ४(१ − ३)
२) −५² आणि (−५)²
३) १/६ − ३/८
४) ७अ − ३(अ − ५)
५) (२क्ष − ३)²
६) (६क्ष² − ४क्ष)/२क्ष
७) (क्ष + २)/३ − (क्ष − ५)/६ = २
८) ३क्ष² = १२क्ष

उत्तरं: १७, −२५ आणि २५, −५/२४, ४अ + १५, ४क्ष² − १२क्ष + ९, ३क्ष − २, ३, ० आणि ४. आठपैकी सात बरोबर आणि वेळेत आले तर अकरावीचं पुस्तक उघडा. सातवं अजूनही चुकत असेल तर अंशाला कंस घालायच्या सवयीवर आणखी एक आठवडा काढा.